हॅरी पॉटर वाचणं आपल्या धर्मात बसतं का? घरी विरोध आहे, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारा वर्षांची आहे, तिसऱ्या भागापर्यंत पोचलीय, आणि सत्संगाला जाणाऱ्या तुमच्या मोठ्या जाऊबाईंनी 'चेटकाची पुस्तकं घरात ठेवली की लक्ष्मी जाते' असं सांगून सासूबाईंची झोप उडवलीय. आता सासूबाई रोज संध्याकाळी त्या पुस्तकांवरून उदबत्ती फिरवतात. पुस्तकं द्यावीत, लपवावीत की भांडावं, असा तुमचा प्रश्न.

मी धर्मशास्त्राची जाणकार वगैरे नाही. ठाण्यात चरईत वाढले, आता घोडबंदर रोडला राहते, बँकेत नोकरी करते. जादूच्या शाळेत शिकणाऱ्या या हॅरीचे सातही भाग किती वेळा वाचलेत तो आकडा नवऱ्याला अजून सांगितलेला नाही. तेव्हा उत्तर एकतर्फी असणार, आधीच सांगून ठेवते.

उदबत्तीचं वाचून मला तुमच्या सासूबाई आवडल्या. कारण जगात याहून बरंच वाईट झालंय. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या ॲलामोगोर्डो गावात २००१ च्या डिसेंबरात एका पाद्रीबुवांनी चर्चबाहेर शेकोटी करून हॅरी पॉटर जाळला, आणि आपण यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही हे वर स्वतःच सांगितलं. पोलंडमध्ये २०१९ साली पुन्हा तोच प्रकार. तिथे पुस्तकांसोबत हॅलो किटीची छत्रीसुद्धा आगीत गेली. पुस्तकाचं एक वेळ समजू शकते, पण ठाण्यात जुलै काढलेल्या माणसाला धडधाकट छत्री जळताना पाहवत नाही हो.

त्यात सगळ्यात मजेचे म्हणजे रोमचे फादर गॅब्रिएल अमॉर्थ. भुतं उतरवण्यासाठी प्रसिद्ध. ते २०११ मध्ये म्हणाले की योगासनं सैतानी आहेत, हॅरी पॉटर वाचल्यानं माणूस जसा वाईटाकडे जातो तसाच योगानंही जातो. आमच्या कॉम्प्लेक्समधले एक काका रोज पहाटे उपवनला सूर्यनमस्कार घालून येतात आणि लिफ्टमध्ये मला ऐकवतात, "हे पाश्चात्त्य चेटूक मुलांच्या डोक्यात भरू नका." एकदा मी त्यांना फादरांचं मत सांगितलं. सातव्या मजल्यापर्यंत काका गप्प. उतरताना म्हणाले, "त्या लोकांना काय कळतंय योगातलं!" मी म्हटलं, "हो ना काका." आणि दार बंद झालं.

माझं सगळं म्हणणं खरं तर त्या लिफ्टमध्येच आलं. आपला तो मंत्र आणि दुसऱ्याचं ते चेटूक. पण हे मला काकांच्या फार आधी, आजीमुळे कळलं होतं.

आजी म्हणजे आईची आई. पाथर्डीकडची, मढीच्या कानिफनाथांची भक्त. आजोबा गेल्यावर चरईला आमच्याकडे राहायला आली ती लाल फडक्यात बांधलेली नवनाथांची पोथी घेऊन. श्रावण लागला की पारायण, चाळीसच्या चाळीस अध्याय. मालू कवीनं ही पोथी १८१९ मध्ये पूर्ण केली, आणि तिच्यात जे चालतं त्यापुढे हॅरीची शाळा हॉगवर्ट्स म्हणजे बालवाडी. मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटातून येतात, कानिफनाथ हत्तीच्या कानातून. गोरखनाथ तर उकिरड्यातून. बाईनं प्रसादाचं भस्म उकिरड्यावर टाकून दिलं, बारा वर्षांनी मच्छिंद्रनाथांनी तिथे येऊन हाक मारली, आणि आतून बारा वर्षांचा मुलगा बाहेर आला. चिमूटभर भस्म मंत्रून फेकलं की अंगावर येणारा डोंगर हवेत थांबतो, धावता माणूस जमिनीला चिकटतो. हे सगळं आमच्या घरात उदबत्ती लावून, सोवळ्यात वाचलं जायचं.

आणि त्याच घरात २००२ च्या मे महिन्यात मामा आला, माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाला, "आई, तुझ्या देवघरासमोर ही पोरगी चेटकिणीचं पुस्तक वाचते."

आजीनं चष्मा पुसला. म्हणाली, "वाच गं मला. काय हाय त्यात बघू, मग ठरवू."

म्हणून रोज दिवेलागणीनंतर मी इंग्रजीतून वाचायचे आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायचे. मामा पहिले दोन दिवस पहारा द्यायला बसला, मग त्याला कंटाळा आला.

आजीचा पहिला आक्षेप जादूवर नव्हताच. तो अनाथ हॅरीला सांभाळणाऱ्या मावशीवर होता. "माय मरो पण मावशी जगो म्हणत्यात, आन् ही सटवी लेकराला जिन्याखाली झोपवती?" पेट्युनिया मावशीला तिनं त्या संध्याकाळी ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. काच गायब झाली, साप बोलला, मांजराची बाई झाली, यावर तिनं भुवईसुद्धा हलवली नाही. बाईचं मांजर होणं तिच्या लेखी रोजचंच. पत्रं घेऊन घुबडं यायला लागली तेव्हा मात्र ती सावरून बसली. "घुबडानं आणलेलं पत्र म्हंजे बाराव्याचंच." मी म्हटलं, नाही, शाळेत ॲडमिशन मिळाल्याचं आहे. "मग ठीक. पण दुसरा पक्षी नव्हता का?"

हॅरीच्या वर्गातली हुशार हर्माइनी तिला फार आवडली. पीस उडवण्याच्या तासाला हॅरीचा मित्र रॉन मंत्र चुकीचा म्हणतो आणि ही त्याला टोकते, मधलं अक्षर लांबव म्हणून. आजी खूश. कीर्तनात ऐकलेली वृत्रासुराची गोष्ट तिनं तिथेच मला सांगितली. त्वष्ट्यानं इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून यज्ञ केला, पण 'इंद्रशत्रु' म्हणताना स्वर चुकला, अर्थ उलटा झाला, आणि मुलगाच इंद्राच्या हातून मेला. "बाई बरोबर शिकवती त्येला. मंत्र चुकला की आपल्यावरच येतो." क्विरल मास्तरांच्या फेट्यामागून हॅरीचा वैरी व्होल्डेमॉर्ट निघाला तेव्हा त्याला नाकाच्या जागी नुसत्या भेगा आहेत एवढंच तिनं लक्षात ठेवलं. त्या दिवसापासून आमच्या घरी त्याचं नाव नकट्या. सगळी जादूई दुनिया ज्याचं नाव घ्यायला टरकते, त्याला आमची आजी सात वर्षांच्या नातवाला हाक मारावी तशी हाक मारायची.

पण खरी गंमत दगडाची. फिलॉसॉफर्स स्टोनला मराठीत काय म्हणावं मला सुचेना. मी आपलं 'लोखंडाचं सोनं करणारा दगड' असं लांबण लावत होते. "परीस म्हण की," आजी म्हणाली. पुढे मराठी अनुवाद आला तो 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानंच, म्हणजे आजीनं आधीच बारसं करून ठेवलं होतं. (दगडाचा मालक निकोलस फ्लामेल हा खराखुरा माणूस, १४१८ मध्ये पॅरिसला वारला. पॅरिसचा परीस. माफ करा, राहवलं नाही.)

शेवटी शाळेचा म्हातारा हेडमास्तर डंबलडोर सांगतो की मी आणि फ्लामेलनं ठरवून तो दगड नष्ट केला. हे मी वाचलं आणि आडवी पडलेली आजी उठून बसली. "आगं, ह्ये तर नामदेवांचं!" मग मला अर्धा तास परिसा भागवतांची गोष्ट ऐकावी लागली. रुक्मिणीनं त्यांना परीस दिलेला. त्यांच्या बायकोनं तो नामदेवांच्या राजाईला चार दिवस वापरायला दिला, घरात दारिद्र्य म्हणून. नामदेवांना कळलं तसा त्यांनी तो उचलून चंद्रभागेत फेकला. भागवत भांडायला आले तर नदीत हात घालून ओंजळभर खडे काढून समोर धरले, म्हणाले, घ्या, तुमचा कोणता तो ओळखून घ्या. सगळेच परीस निघाले. एवढं सांगून आजीनं निकाल दिला, "म्हाताऱ्याला अक्कल हाय." आमच्याकडे तेव्हापासून डंबलडोरबाबा.

मामा जेवायला बसला होता. काही बोलला नाही. वरण वाढून घेतलं.

आता धार्मिक आक्षेप. आजीचा सातही भागांत एकच होता, पण तो पक्का होता. शाळेतल्या मॅकगोनॅगल बाई हॅरीला निंबस झाडू देतात, तो त्यावर बसून उडतो, हे मी मोठ्या उत्साहानं सांगत होते. आजी उठली, दारामागची केरसुणी घेऊन आली आणि माझ्यासमोर धरली. शिंदीच्या पात्यांची, मुठीला लाल चिंधी बांधलेली, गेल्या दिवाळीचं हळदीकुंकू अजून चिकटलेलं. "ही कोण हाय?"

"लक्ष्मी."

"हिला पाय लागला तर आपण काय करतो?"

"नमस्कार."

"आन् ह्ये पोरगं हिला दोन पायांच्या मधी घालून गावभर हिंडतंय?"

मला उत्तर नव्हतं, आजही नाही. जगभरच्या पाद्र्यांनी, शाळांनी, पालकांनी या पुस्तकांवर इतके आरोप केले, अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेच्या यादीत २००० ते २००९ या दशकात सगळ्यात जास्त तक्रारी याच मालिकेवर होत्या, पण केरसुणीचा मुद्दा कुणालाच सुचला नाही. तुमच्या जाऊबाई 'लक्ष्मी जाते' म्हणतात त्यात एवढ्यापुरतं तथ्य आहे असं मी म्हणेन. आमच्याकडे तडजोड झाली. घरात वापरतात ती केरसुणी, ती लक्ष्मी. अंगण झाडायचा तो खराटा, त्याचं एवढं काही नाही. तेव्हा आमचा हॅरी पुढचे सहा भाग खराट्यावर उडाला.

माझी शाळा कॉन्व्हेंट होती, नाव नको. आठवीत सिस्टरनं माझ्या बाकाखालून तिसरा भाग काढून घेतला. परीक्षा संपल्यावर ऑफिसात बोलावून परत दिला, तेव्हा त्याला व्यवस्थित खाकी कव्हर घातलेलं होतं, वर लेबलही चिकटवलेलं, लेबलवर नुसतं माझं नाव नि इयत्ता. विषयाची ओळ कोरी. काही बोलल्या नाहीत. मला अजून कळलेलं नाही की तो राग होता की सल्ला.

त्यांच्या धर्मातही एकमत नव्हतंच. पुढे पोप झालेल्या कार्डिनल रॅट्झिंगरांनी २००३ मध्ये एका जर्मन बाईंना पाठवलेल्या पत्रात या पुस्तकांच्या छुप्या मोहाबद्दल नापसंती दाखवली, आणि सहा वर्षांनी व्हॅटिकनच्याच वृत्तपत्रानं सहाव्या सिनेमाचं कौतुक केलं. खरं म्हणाल तर कुणी 'हे आडून ख्रिस्ती पुस्तक आहे' असा आरोप केला असता तर मला वाद घालणं जड गेलं असतं. हॉगवर्ट्सला दिवाळी नसते, नाताळ असतो. हॅरीला गॉडफादर आहे, म्हणजे बाप्तिस्मा झालाच असणार. सातव्या भागात त्याच्या आईवडिलांच्या थडग्यावर जी ओळ कोरलीय, शेवटचा शत्रू मृत्यू असल्याची, ती सरळ बायबलातली. हा मुद्दा कृपा करून जाऊबाईंना सांगू नका. एक उदबत्ती पुरे.

मामा आता व्हॉट्सॲपवर असतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाल्यावर त्यानं फॅमिली ग्रुपवर विचारलं, हे पुस्तक त्यात बसतं का. मी लिहिलं, बसतं, आणि त्यातले गुन्हेगारही सांगते. गिल्डरॉय लॉकहार्ट, दुसऱ्यांचे पराक्रम आपल्या नावावर खपवून स्वतःचे फोटो वाटणारा, पहिल्याच दिवशी आत जाईल. असे बाबा तुम्ही फ्लेक्सवर पाहिले असतील. आणि ज्योतिष शिकवणाऱ्या ट्रेलॉनी बाई, चहाच्या गाळात भविष्य बघून दरवर्षी एका मुलाचं मरण सांगणाऱ्या. मुलगी तिसऱ्या भागात आहे म्हणजे नुकतीच भेटली असेल त्यांना. पुस्तकातले हुशार लोक त्यांची टर उडवतात. हर्माइनी तर तास सोडून जाते. त्यांचं एक भविष्य चुकून खरं ठरतं, तेव्हा डंबलडोर हिशेब करतो की आता एकूण दोन झाली, पगार वाढवायला हवा. इतकी ज्योतिषाची खिल्ली आमच्या घरात तोवर कुणी उडवली नव्हती.

खरं पाप घडलं ते वेगळ्याच ठिकाणी. २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश म्हणाले की हॅरी पॉटरमुळे शहरातल्या मध्यमवर्गीयांनाही मुलांना घुबड भेट द्यायचं खूळ लागलंय. घुबड पाळणं आपल्याकडे कायद्यानं गुन्हा आहे. आणि तेच घुबड दिवाळीच्या सुमाराला लक्ष्मी यावी म्हणून बळीही देतात, त्याला कुणा ब्रिटिश बाईच्या पुस्तकाची गरज पडली नाही. मुलगी घुबड मागेल तर ठाम नाही म्हणा.

आणि एक आपल्याकडचं. जाऊबाईंना सांगा, हॉगवर्ट्समध्ये पाटील आहेत. पार्वती आणि पद्मा, जुळ्या बहिणी. हॅरी चौथ्या भागात पार्वतीला नाचाला घेऊन जातो आणि मग रात्रभर बाजूला बसवून दुसऱ्याच मुलीकडे बघत बसतो. ठाणे स्टेशनला ९, १० आणि १० अ असे फलाट आहेत, हॅरीच्या शाळेची गाडी सुटते तो पावणेदहा तेवढा नाही. तिथून ट्रान्सहार्बर पकडून ऐरोली, घणसोलीला उतरा आणि कुठल्याही पाटलांच्या पोरीला असं बसवून दाखवा. नकट्यानं सात भागांत जे केलं नाही ते तिचे चुलते एका संध्याकाळी करतील. सिनेमावाल्यांनी तर दोघींना एकाच हाऊसात टाकलं. पुस्तकात पद्मा वेगळ्या हाऊसात, रेव्हनक्लॉमध्ये आहे. माझी धार्मिक भावना दुखावली ती तिथे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: देऊ नका, लपवू नका, भांडूही नका. मुलीला सांगा, आजीला रोज एक प्रकरण वाचून दाखव. पहिल्या भागापासून. मावशीचं प्रकरण सासूबाईंनी ऐकलं की त्या कोणाच्या बाजूनं जातात ते बघा. फक्त चौथ्याच्या शेवटाला तुम्ही जवळ असा, तिथे एक मुलगा उगाच मारला जातो आणि बारा वर्षांच्या मुलीला ते लागतं. आणि स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून स्वस्तातली कॉपी घेऊ नका. माझ्या पाचव्या भागात पानं मागेपुढे शिवली होती. हॅरीचा गॉडफादर सिरियस मेला आणि दोन पानांनी पुन्हा बोलायला लागला. मला वाटलं जादू, म्हणून तीन दिवस मी रडलेच नव्हते.

पुढचं मुलीला वाचू देऊ नका, शेवट फुटेल.

म्हणून सातवा भाग मी नवाकोरा घेतला. २१ जुलै २००७, शनिवार. लंडनला मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार, काकडआरतीची वेळ. आजी उठलेलीच होती, तिनंच चहा करून दिला आणि पावसात मला पिटाळलं. रविवारी रात्री पुस्तक संपलं. सोमवारी मी कॉलेजातून आले तेव्हा आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सूप घेऊन भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं पाखडत होती. आषाढी तोंडावर आलेली.

"मेला का नकट्या?"

"मेला."

"कोणी मारला? पोरानं?"

"नाही गं. त्याचाच मंत्र त्याच्यावर उलटला." मी पिशवी टेकवली आणि सांगायला लागले, की त्याच्या हातातली कांडी त्याची नव्हतीच मुळी, ती डंबलडोरकडून ड्रॅकोकडे, हॅरीच्या वर्गातल्या वैऱ्याकडे, गेली होती, मग ड्रॅकोच्या हातातली दुसरीच कांडी हॅरीनं हिसकावली, त्यामुळे पहिलीचाही मालक...

आजीनं सूप थांबवलं.

"उच्चार चुकला आसंल," म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.